टेकडीच्या पोटातले स्तूप, माथ्यावरची देवळे

गोंदिया म्हटले की बाहेरच्या माणसाला भातगिरण्या आठवतात, रेल्वेचे जंक्शन आठवते, फार तर सारस पक्षी. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला आहे; एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. पर्यटनाच्या माहितीपत्रकात नवेगावबांध येतो, नागझिरा येतो, वाघ तर येतोच. पडके गड, शेंदूर फासलेल्या भग्न मूर्ती आणि झुडपांखाली गेलेली विटांची जोती यांना तिथे ओळभरही जागा मिळत नाही. वैनगंगेच्या या खोऱ्यात दोन हजार वर्षांपूर्वी नगरे होती, त्यांना परकोट होते आणि नगराबाहेर स्तूप होते, हे पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या शाळकरी मुलांनाही फारसे कोणी सांगत नाही.

सुरुवात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडापासून करायला हरकत नाही. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे ठाणे आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. याच परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. त्यांचा गोम्पा आहे, रंगीत प्रार्थनापताका आहेत आणि आता तिथेच जन्मलेली पिढीही आहे. म्हणजे काही मैलांच्या टापूत शिव, सूफी आणि बुद्ध असे तिघांचे भक्त नांदतात. पडका आहे तो फक्त किल्ला.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची गोष्ट वेगळी. दरेकसाजवळच्या डोंगरातली ही प्रचंड गुहा निसर्गाने घडवलेली आहे. गोंड समाजासाठी ती धर्माची जन्मभूमी. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने काली कंकाली या देवीच्या मुलांना याच गुहेतून मुक्त केले, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड भाविक इथे येतात. ही यात्रा आजच्या रूपात उभी राहिली ती 1980च्या दशकात, गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांच्या प्रयत्नांतून. आपले ठिकाण आपण ओळखले, त्याची कथा आपल्या भाषेत सांगितली, तर डोंगरातली गुहाही विस्मरणातून बाहेर येते, हे या समाजाने दाखवून दिले आहे. गोंदिया शहराजवळच्या नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरालाही शिवरात्रीच्या गर्दीनेच जागते ठेवले आहे. ज्या अवशेषांना यात्रा नाही, त्यांचे काय होते हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी वैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीपर्यंत जायला हवे. तीन बाजूंनी मातीचा परकोट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी, अशी या गावाची जुनी बांधणी. गावाच्या वेशीबाहेर जगन्नाथ टेकडी आहे. टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ. खाली काय आहे ते शतकानुशतके कोणाला ठाऊक नव्हते. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. टेकडीच्या पोटातून निघाला विटांचा विशाल स्तूप, व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. मौर्यकाळापासून सातवाहनकाळापर्यंत त्याची बांधणी आणि वाढ होत गेली होती.

स्तूपाभोवती वालुकाश्माचा कठडा होता. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली सापडली. ती राजांची नावे नव्हती. ऐपतीप्रमाणे एखादा खांब, एखादी आडवी शिळा देणारे हे उपासक आणि उपासिका होते. एका खांबावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग कोरलेला आहे. ज्ञानप्राप्तीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर पावसात फणा धरणारा हा नागराज. पण त्याच्याखाली बुद्ध दिसत नाही, आसन रिकामे आहे. त्या काळी बुद्धाची मानवी मूर्ती घडवत नसत. बोधिवृक्ष, पादुका आणि रिकामे आसन एवढ्यावरून भाविकाने ओळखायचे. पवनीच्या शिल्पकारांना ही रीत पुरती अवगत होती. सांची आणि भरहुतला जे चालले होते तेच इथे, वैनगंगेच्या काठीही चालले होते. हे आडरान नव्हते.

या शोधाला एक अगदी जवळचा संदर्भ आहे. 1954 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती भंडाऱ्यातून. तेव्हा गोंदियाही त्याच जिल्ह्यात होते. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि या भागातली गावेच्या गावे बौद्ध झाली. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, याच बौद्ध झालेल्या गावांच्या शेजारी, मातीखालून स्तूप वर आला. पवनीजवळ रुयाड-सिंदपुरी इथे 2007 मध्ये जपानी बौद्धांच्या सहकार्याने नवा स्तूपही उभा राहिला आणि तिथे दरवर्षी हजारो लोक जमतात. जुन्या स्तूपाच्या वाट्याला मात्र असे दिवस आलेले नाहीत.

दुसरे ठिकाण रामटेकजवळचे मनसर. आसपास मँगनीजच्या खाणी, जवळ तलाव आणि हिडिंबा टेकडी. पुरातत्त्वज्ञ येण्याआधी लोकांनी ढिगाऱ्यांचा उलगडा आपल्या परीने करून ठेवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा पांडवांपाशी जातो. 1972 साली इथे वाकाटक काळातली शिवाची एक अप्रतिम मूर्ती सापडली. बसकी, गोंडस, डोक्यावर जटांचा भार. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राच्या वतीने जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी इथे मोठे उत्खनन केले. टेकडीवर विटांची भव्य, अनेक कोनांत वळत गेलेली वास्तू उघडी झाली.

ती वास्तू कोणाची यावर वाद सुरू झाला. हान्स बाकर या डच विद्वानाच्या मते हे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने उभारलेले प्रवरेश्वराचे मंदिर आणि परिसरात त्याची राजधानी प्रवरपूर. उत्खनन करणाऱ्यांनी शैव मंदिराबरोबरच इथे बौद्ध स्तूप-विहाराचेही थर मांडले, आणि बौद्ध परंपरेने आचार्य नागार्जुनाशी या स्थळाचे नाते जोडले. विद्वानांचा वाद पुराव्यांवर चालतो, तो चालायलाच हवा. गावपातळीवर तो ‘आमचे की तुमचे’ असा झाला की नुकसान वास्तूचे होते. एका बाजूचे लोक पाठ फिरवतात, दुसऱ्या बाजूचे फक्त हक्क सांगतात, आणि गवत काढायला कोणीच उरत नाही.

या प्रदेशात अवशेष नष्ट होण्याचे कारण बहुधा साधे असते. झाडीपट्टीत वर्षाला सरासरी 1200 ते 1300 मिलिमीटर पाऊस पडतो. मातीखाली असेपर्यंत वीट सुखरूप असते, कारण तिथला ओलावा फारसा बदलत नाही. एकदा उघडी पडली की दर पावसाळ्यात ती पाणी पिते आणि दर उन्हाळ्यात तडकते. सांध्यात पिंपळाचे, उंबराचे बी पडते, मूळ आत शिरते आणि भिंत फुगते. म्हणून खोदणे जितके महत्त्वाचे, तितकेच खोदलेले झाकणे किंवा त्यावर छत घालणे महत्त्वाचे. खोदण्याची बातमी होते, छताची होत नाही. उत्खननाचा अहवाल इंग्रजीत निघतो, तोही काही वर्षांनी, आणि गावात त्याची एक प्रतही पोचत नाही. चांगल्या मूर्ती दूरच्या संग्रहालयांत जातात. गावाजवळ उरते ते तारेचे कुंपण आणि गंजलेली पाटी.

गडचिरोलीतल्या मार्कंडा इथे तर गाठ विजेशी पडली. वैनगंगेच्या काठावरच्या या देखण्या मंदिरसमूहाचे मुख्य शिखर वीज पडून मोडले. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74च्या दौऱ्यात इथे आले आणि शिल्पांनी भारावून गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी चंद्रपूरकडच्या भद्रावतीचे अवशेषही पाहिले. तिथल्या विजासन टेकडीत कोरलेल्या लांब दालनांच्या टोकाला बसलेले बुद्ध आहेत, आणि आज तिथे पुन्हा वंदना होते.

कायद्याची बाजू वाचकांनी माहीत करून घ्यावी. 1958च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित असलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्याचा स्वतंत्र कायदा 1960चा आहे. बोडी, म्हणजे शेतातले छोटे तळे, खोल करताना किंवा घराचा पाया खणताना नाणी, दागिने असा ठेवा मिळाला तर 1878च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण यादीत नसलेल्या शेकडो जागांना या तरतुदींचे संरक्षण मिळत नाही. पारावर मांडलेला वीरगळ, शेताच्या बांधाला लावलेला कोरीव दगड, तलावाच्या पायरीत बसवलेला खांब यांची साधी नोंद करणे ग्रामपंचायत आणि शाळा मिळून करू शकतात. छायाचित्र, गावाचे नाव, जागा आणि लोक त्याला काय म्हणतात एवढे लिहिले तरी पुढच्या संशोधकाचे निम्मे काम होते.

‘बौद्ध की हिंदू’ असे विचारणाऱ्यांनी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली, म्हणजे अजब बंगल्यातली देवटेकची शिळा जरूर पाहावी. ती चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडजवळ मिळाली. तिच्यावर आधी अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत प्राण्यांना पकडण्या-मारण्यास मनाई करणारी राजाज्ञा कोरलेली होती. पुढे सुमारे पाचशे-सहाशे वर्षांनी महाभैरवाचा भक्त असलेला वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख त्याच दगडावर कोरला गेला. प्राच्यविद्या अभ्यासक वा. वि. मिराशींनी या लेखांचा अभ्यास केला. पवनीचा क्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभही याच संग्रहालयात आहे. गोंदियाहून रेल्वेने नागपूर दोन-अडीच तासांवर. शाळेची सहल सकाळी निघून रात्री परत येऊ शकते. या दोन्ही दगडांच्या प्रतिकृती करून पवनीत आणि गोंदियात, मराठी आणि गोंडी पाट्यांसह, मांडायला फार मोठा निधी लागणार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढी एक मागणी तरी जायला हवी.