अंडी नराशिवायही येतात
(सोबतीचे प्राणी : लेखांक 7)

मागच्या भागात शॅमेलिऑनच्या पाण्याचं पाहिलं. वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकून बघत नाही, पानावरून थेंब ओघळताना दिसला की मगच जीभ लावतो. आज खाण्याचं. मादीपासून सुरुवात करतो, कारण जास्त खाऊन नर लठ्ठ होतो, मादीच्या मात्र जिवावर बेतू शकतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ. बीदर जिल्ह्यात मैलूरपासून भालकीपर्यंत बाभळीवर, तरवडावर क्वचित दिसतो तो आपला शॅमेलिऑन म्हणजे घोयरा, कन्नड शेजाऱ्यांचा गोसुंबे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. धरणं, विकणं, घरात ठेवणं, तिन्ही गुन्हे. ‘पिल्लू सापडलंय, दोन दिवस ठेवतो’ यालाही सूट नाही. पाळीव म्हणून जगभर वाढवला जातो तो मुख्यतः येमेन आणि सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन. तोही आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांत मोडतो. याच कायद्याच्या 2022च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी ठेवणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. कागद नसलेलं पिल्लू कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणाला, तर तिथंच नको म्हणा.

पिल्लू नर की मादी, हे व्हेल्ड जातीत अंड्यातून बाहेर आल्या दिवसापासून कळतं. मागच्या पायाच्या टाचेला बारीक काटा दिसला तर नर, टाच गुळगुळीत असली तर मादी.

पहिले पाच-सहा महिने तिला रोज खायला द्यायचं आणि पोटभर द्यायचं. रातकिडे, लहान झुरळं, नाकतोडे चालतात. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. आपल्याकडे नाकतोड्यांना तोटा नाही, पण ते कुठून धरता हे महत्त्वाचं. तुरीवर घाटेअळीची फवारणी झालेल्या रानातला नाकतोडा म्हणजे विषाची पुडी. त्यापेक्षा घरच्या डब्यात रातकिडे वाढवा आणि त्यांना गाजर, पालेभाजी खाऊ घाला. किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी सरड्याच्या पोटात जातं. आणि वळवानंतर काजवे दिसायला लागले की मुलांना बजावून ठेवा. काजव्यांच्या अंगातलं रसायन सरड्यांना मारक ठरतं, एखादासुद्धा पुरे होतो.

खरी मेख सहाव्या महिन्याच्या आसपास येते. मादी वयात येते आणि कोंबडीसारखी नराशिवायच अंडी धरते. ती फळत नाहीत, पण धरायची आणि घालायची तर असतातच. किती धरायची हे बरंचसं खाण्यावर ठरतं. हौसेनं रोज भरपूर खाऊ घातलेली मादी एका वेळी साठ-सत्तर अंडी धरू शकते. आवरून खाणारीचा आकडा वीस-तीसवर राहतो. म्हणून या वयापासून दिवसाआड तीन-चार किडेच द्यायचे. ऊन घेण्याची जागाही थोडी कमी तापवायची, 27-28 अंशांवर ठेवायची. घरातल्यांना हे पटवणं अवघड जातं. ती डोळे फिरवून बघते, फांदीवरून पुढं येते, आणि आपल्याला वाटतं भुकेली आहे. ती सवयीनं येते, तुम्ही देऊ नका.

अंडी धरायला कॅल्शियम लागतं. ते खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून ओढलं जातं. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, फांदीवरची पकड सुटते. रातकिड्यांत कॅल्शियम फार कमी, म्हणून देण्याआधी त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं. पण भुकटी पचायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि ते सूर्याच्या अतिनील किरणांनी अंगात तयार होतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथं कामाचं नाही, काच ते किरण अडवते. सकाळचं कोवळं ऊन थेट द्या, पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत ठेवून. आपल्या चाळीसच्या पुढच्या उन्हाळ्यात दुपारी पिंजरा बाहेर ठेवणं म्हणजे तिला भाजून काढणं. बाकी वेळ अतिनील किरणांचा दिवा लागतो. तो जळताना दिसला तरी काही महिन्यांनी त्याची किरणं मंदावतात, म्हणून वेळेवर बदलायचा.

वयात आलेल्या मादीच्या पिंजऱ्यात मातीचं भांडं कायम हवं. फूटभर खोल, धुतलेल्या वाळूनं भरलेलं, आणि बोटानं केलेलं बीळ ढासळणार नाही इतकं ओलं. अंडी घालायची वेळ आली की ती खाणं टाकते, खाली उतरते, पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत फिरते, उकरते. तेव्हा पिंजऱ्याला कापड लावा आणि लांब व्हा. कुणी बघतंय असं कळलं तर ती उकरणं सोडून देते आणि अंडी पोटातच अडकतात. उत्साही पाळणाऱ्यांचा मोबाइल इथं सगळ्यात जास्त घात करतो, असं माझं मत. दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहिली तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. बीदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांवर कोण उपचार करतं, याची चौकशी प्राणी आणण्याआधीच करून ठेवा.

रानातल्या घोयऱ्याच्या मादीलाही अंड्यांसाठी झाडावरून उतरावंच लागतं. आपला जांभा कठीण, त्यामुळे ती मऊ माती शोधत बांधाकडे, रस्त्याच्या कडेला येते. तिची ती डुलत डुलत चाल रस्ता ओलांडायला फार संथ. त्यात ‘विषारी आहे’ म्हणून दगड घालणारे भेटतात. तिच्यात विष नसतं. अशी मादी दिसली तर पुढ्यात वाळकी काठी धरा. ती स्वतःहून चढते. मग ज्या बाजूला निघाली होती त्याच बाजूला मातीवर सोडा. परत झाडावर ठेवलीत तर पुन्हा उतरेल, आणि तोच रस्ता पुन्हा ओलांडायला निघेल.