लोखंड आपलें, कुलूप दुसऱ्याचें

पूर्वीं शेतकऱ्यानें औत विकत घेतलें म्हणजे तें सर्वस्वीं त्याचें होई. फाळ बोथटला तर गांवचा लोहार तो भट्टींत घालून नीट करून देई; रुमणें मोडलें तर सुतार नवें बसवी. पुढें ऑइल इंजिनें आलीं, तेव्हांही तालुक्याच्या गांवीं एखादा फिटर असेच, व त्याच्या हातीं पाना दिला कीं इंजिन सुरू होई. दुरुस्ती कोणाकडून करावी, भाग नवा घालावा कीं जुना, हें ठरविणारा धनी एकच होता व तो म्हणजे विकत घेणारा.

आज शेतांत व घरांत जीं नवीं यंत्रें येत आहेत, त्यांत लोखंडाबरोबर आणखी एक वस्तु येते. ती डोळ्यांस दिसत नाहीं, हातास लागत नाहीं व पावतीवर तिचें नांवही बहुधा नसतें. ती म्हणजे यंत्रानें काय करावें व काय करूं नये हें सांगणारी आज्ञावली. हिलाच सॉफ्टवेअर म्हणतात, व तोच शब्द आपल्याकडे आतां रूढ झाला आहे. मोबाईलांत, संगणकांत, मोटारींत, ठिबकाच्या स्वयंचलित पेटींत व मोठ्या ट्रॅक्टरांत तिचेंच राज्य आहे. या अदृश्य वस्तूचा धनी कोण, हा प्रश्न शेतकऱ्यानें वेळींच विचारला पाहिजे असें आम्हांस वाटतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

विक्री नव्हे, परवाना

महसुली दप्तराशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस पुढील भेद समजावयास कठीण नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत भोगवटादारांचे वर्ग १ व वर्ग २ असे भेद केलेले आहेत. वर्ग १ च्या खातेदारावर हस्तांतरणाचे निर्बंध नसतात. वर्ग २ चा खातेदार जमीन कसतो, पीक घेतो, सारा भरतो. परंतु ती विकावयाची झाली तर त्यास वरिष्ठांची परवानगी लागते. जुन्या लोकांच्या तोंडीं हीच नव्या शर्तीची जमीन.

सॉफ्टवेअरची गोष्ट या वर्ग २ सारखी, किंबहुना त्याहूनही दुबळी आहे. आपण मोबाईल विकत घेतों तेव्हां कांच, धातु व बॅटरी आपली होते. आंतील सॉफ्टवेअर मात्र विकलें जात नाहीं, तें वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. वर्ग २ च्या शर्ती कायद्यानें ठरलेल्या व सातबाऱ्यावर नमूद असतात. सॉफ्टवेअरच्या शर्ती विकणारा एकटा ठरवितो, त्या मधूनमधून बदलतो, आणि त्या लांबलचक इंग्रजी मजकुरांत असतात. 'मला मान्य आहे' या अर्थाच्या चौकोनावर आपण बोट ठेवतों, तेव्हां त्या खतावर आपला अंगठा उमटतो. कोऱ्या कागदावर अंगठा देऊं नये, हें शहाणपण आपल्या वाडवडिलांनीं सावकारीच्या काळांत मोठी किंमत देऊन मिळविलें. काचेच्या पाटीपुढें आपण तें विसरूं लागलों आहों.

अमेरिकेंतील ट्रॅक्टरांचा तंटा

हा धोका कल्पनेंतला नाहीं, हें दाखविण्यास अमेरिकेंतील शेतकऱ्यांचें उदाहरण पुरेसें आहे. जॉन डीअर ही तेथील १८३७ सालापासूनची बलाढ्य कंपनी. तिच्या अलीकडच्या ट्रॅक्टरांत व कापणीयंत्रांत ठिकठिकाणीं सेन्सर बसविलेले असतात. त्यांतील एखादा बिघडला कीं पडद्यावर खूण उमटते, व कांहीं दोषांत यंत्र आपली शक्ति आपणच कमी करतें. दोष पूर्णपणें उलगडण्यास व कांहीं नवे भाग बसविल्यावर ते यंत्राकडून मान्य करून घेण्यास कंपनीचें खास सॉफ्टवेअर लागे, व त्याची पूर्ण क्षमतेची आवृत्ति अधिकृत विक्रेत्यांपाशींच असे. हातीं पाना आहे, नवा भाग आहे, अक्कलही आहे. परंतु विक्रेत्याचा माणूस संगणक घेऊन येईपर्यंत पीक शेतांत उभें, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार होती. कापणीचे दिवस मोजके असतात व पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यान्वयें सॉफ्टवेअरचें कुलूप फोडणें हाच अपराध ठरला होता. २०१५ सालीं त्यांतून सूट देण्याचा प्रश्न तेथील कॉपीराइट कार्यालयापुढें आला असतां कंपनीनें आपलें लेखी म्हणणें मांडलें. त्याचा मथितार्थ असा कीं, ट्रॅक्टर घेणारास सॉफ्टवेअरची मालकी मिळत नाहीं, यंत्राच्या आयुष्यभर तें चालविण्याचा गर्भित परवाना मात्र मिळतो. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दुरुस्तीपुरती सूट मंजूर झाली. परंतु ती अर्धीच होती. मालकास कुलूप उघडण्याची मुभा मिळाली, पण तशी किल्ली करून दुसऱ्यास विकण्याची मुभा कोणास मिळाली नाहीं. ज्यास स्वतः किल्ली घडवितां येत नाहीं, अशा शेतकऱ्यास या मुभेचा उपयोग तो किती?

पुढें २०२३ च्या जानेवारींत तेथील मोठ्या शेतकरी महासंघानें कंपनीशीं एक समजुतीचा करार केला. त्याच सालीं कोलोरॅडो राज्यानें शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानें इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह कंपनीवर दावा दाखल केला. अर्ज, कैफियत, करार, कायदा व दावा अशा पायऱ्या चढत शेतकऱ्यांस दहा वर्षें चालावें लागलें, आणि तेंही स्वतःच्या पैशानें घेतलेल्या यंत्रास पाना लावण्यासाठीं!

दुसरी बाजू

एकाच बाजूचें ऐकून निकाल देणें हें दप्तराच्या रीतीस सोडून होईल. कंपन्यांचें म्हणणें असें कीं, अनाड्यानें सॉफ्टवेअरशीं खेळ केला तर धुराचें नियंत्रण बिघडेल, इंजिनाची शक्ति भलतीच वाढविली जाईल व एखाद्याचा जीवही जाईल. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. शिवाय कुलुपाचा कधीं उपयोगही होतो. २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धांत मेलिटोपोल शहरांतील एका विक्रेत्याकडून सुमारें ५० लक्ष डॉलर किंमतीचीं यंत्रें रशियन सैनिकांनीं नेलीं, व त्यांतील कांहीं चेचन्यापर्यंत पोंचलीं, असें प्रसिद्ध झालें होतें. परंतु तीं दुरूनच बंद करण्यांत आल्यामुळें नेणारांस तीं चालवितां आलीं नाहींत. चोराची फजिती झाली हें ऐकून कोणासही समाधान वाटेल.

तथापि याच गोष्टींतून दुसराही बोध निघतो. जें यंत्र चोराच्या हातीं असतां दुरून बंद करतां येतें, तें धन्याच्या हातीं असतांही बंद करतां येईल. किल्ली चांगल्या माणसाच्या हातीं आहे हें समाधान पुरेसें नाहीं. ती कोणत्या नियमानें फिरवावयाची हें आधीं लिहून ठेवलेलें असलें पाहिजे. आणि कुलूप जाणकारास अडवितेंच असेंही नाहीं. त्याच २०२२ च्या ऑगस्टांत लास व्हेगास येथील एका परिषदेंत एका संशोधकानें याच कंपनीच्या ट्रॅक्टरच्या पडद्याचा पूर्ण ताबा मिळवून त्यावर लुटुपुटीचा खेळ चालवून दाखविला.

बियाण्याची रीत

यावर उपाय काय? एक उपाय शेतकऱ्याच्या परंपरेशीं जुळणारा आहे. घरचें बियाणें राखावें, शेजाऱ्यास पायली द्यावी, पुढल्या वर्षीं त्याच्याकडून चांगला वाण घ्यावा, ही आपली जुनी चाल. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नें ती मान्यही केली आहे. संरक्षित वाणाचेंही बी शेतकऱ्यास राखतां, पेरतां, देतां व विकतां येतें, फक्त तें त्या वाणाच्या छापाच्या पिशवींत भरून विकतां येत नाहीं.

सॉफ्टवेअरच्या जगांत अशीच चाल पाडणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन. त्यांनीं १९८३ सालीं मुक्त सॉफ्टवेअरचें कार्य जाहीर केलें व १९८९ सालीं त्यासाठीं जी. पी. एल. नांवाचा परवाना प्रसिद्ध केला. त्याच्या शर्ती उलट्या प्रकारच्या आहेत. सॉफ्टवेअर वापरा, उघडून पहा, बदला, दुसऱ्यास द्या. मात्र देतांना तेच हक्क त्यासही द्या. जणूं उसनें दिलेलें बियाणें गांवांतच फिरत राहावें, कोणीं एकट्यानें कोठारांत कोंडूं नये. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं सुरू केलेलें लिनक्स पुढें याच परवान्याखालीं वाढलें, आणि आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड मोबाईलचा गाभा तेंच लिनक्स आहे. सहकारी संस्थांच्या पत्रव्यवहारासाठीं व तक्त्यांसाठीं लिबरऑफिस नांवाचें असेंच मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें, व त्यांत मराठी लिहितां येतें. असें असतां चोरटी प्रत घालून काम भागविणें हें अनीतीचें तर आहेच, पण अव्यवहाराचेंही आहे.

मुक्त म्हणजे निर्दोष, असाही भ्रम नसावा. २०२४ च्या मार्चांत एक्सझेड नांवाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्यें कोणीं मुद्दाम ठेवलेली चोरवाट उघडकीस आली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें, व त्याचा माग काढीत ते चोरवाटेपर्यंत पोंचले. घर उघडें होतें म्हणून चोर शिरला हें खरें. पण उघडें होतें म्हणूनच शेजाऱ्यास तो दिसला, हेंही तितकेंच खरें.

दारें व कड्या

संगणकाची सुरक्षितता हा शहरी लोकांचा प्रश्न आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं पुढील गोष्टींचा विचार करावा. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरनें जगभरचे लक्षावधि संगणक अडविले. इंग्लंडांतील रुग्णालयांचें कामही खोळंबलें. ज्या फटींतून तें शिरलें, ती बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीं मार्चांतच निघाली होती. ज्यांनीं ती बसविली नाहीं, ते सांपडले. पुढच्याच महिन्यांत नॉटपेट्या नांवाच्या दुसऱ्या हल्ल्यानें न्हावाशेवा बंदराच्या एका धक्क्याचें काम बंद पाडलें. २०२१ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्याची एक धान्य सहकारी संस्था ऐन सुगीच्या तोंडावर अशाच खंडणीखोरांच्या हातीं सांपडली. सहकारी संस्थाही चोरास वर्ज्य नाहींत, हें आमच्या संस्थाचालक वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.

आपल्याकडे सातबारा, पिकाची नोंद, अनुदान व बँक हीं सर्व मोबाईलवर आलीं आहेत. ई-पीक पाहणी तर २०२१ पासून सुरू आहे. म्हणून मोबाईल ही आतां घराची दुसरी तिजोरी समजावी. सरकारी योजनेच्या नांवानें एखादी एपीके फाइल संदेशांतून येते, ती उघडतांच मोबाईल परक्याच्या हातीं जातो. अशी फाइल कितीही ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडूं नये. पैसे घेण्यासाठीं पिन कधींही लागत नाहीं. जो तो मागतो, तो देणारा नसून नेणारा आहे. ओटीपी कोणासही सांगूं नये. मोबाईलाच्या व संगणकाच्या दुरुस्त्या येतील तशा बसवाव्या. विंडोज १० साठीं कंपनीचा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे, हें संस्थांनीं विसरूं नये. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. पैसे पुढें सरकण्याआधीं ते रोखण्याची आशा असते.

खरेदीपूर्वीं

ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, व तिच्यापुढील विषयांत शेतीचीं अवजारेंही होतीं. त्याच वर्षीं २४ डिसेंबर रोजीं यासाठीं एक संकेतस्थळही सुरू झालें. हें स्वागतार्ह आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. तोंपर्यंत आपली दक्षता आपणच बाळगावी.

यंत्र घेतांना बैलाचे दांत पाहावे तसे कांहीं प्रश्न विक्रेत्यास विचारावे. बिघाड झाला तर बाहेरच्या कारागिरास दुरुस्ती करतां येईल काय? सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या किती वर्षें मिळतील? इंटरनेट नसतां यंत्र चालेल काय? शेताची माहिती यंत्र कोठें पाठवितें, व ती कोणाची? यंत्र दुसऱ्यास विकलें तर परवाना बरोबर जाईल काय? उत्तरें तोंडीं न घेतां पावतीवर किंवा पत्रावर लिहून घ्यावीं. एकट्या खातेदारास विक्रेता दाद देणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु पन्नास सभासदांच्या वतीनें संस्थेनें हेच प्रश्न विचारले तर उत्तर द्यावेंच लागेल. खतें व बियाणें जशीं संस्थेमार्फत एकत्र घेतलीं जातात, तशाच यंत्रांच्या शर्तीही एकत्र ठरविल्या जाव्या, अशी आमची सूचना आहे.

जमिनीच्या नोंदींत आपलें नांव कोणत्या रकान्यांत आहे, हें शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहतो. यंत्राच्या कागदांतही आपलें नांव धन्याच्या रकान्यांत आहे कीं केवळ वहिवाटीच्या, हें त्यानें तितक्याच काळजीनें पाहावें, व पैसे मोजण्याआधीं पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.