केळ्यांचा तोफखाना

दोन उंच इमारतींच्या गच्च्यांवर दोन गोरिला समोरासमोर उभे. मध्ये लहानमोठ्या इमारतींची रांग, वर हसरा सूर्य. हाणामारी केळ्यांनी करायची, आणि केळी बॉम्बसारखी फुटतात! १९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ५ सोबत क्यूबेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली, आणि क्यूबेसिकमध्ये काय काय करता येतं याचा नमुना म्हणून ‘गोरिला.बॅस’ ही फाईल आली. खेळ विकायला काढलेला नव्हताच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासांत डॉस शिकलेल्यांपैकी अनेकांनी सरांची पाठ फिरली की हीच फाईल उघडली असणार.

खेळ सोपा. आधी दोघांची नावं, किती गुणांचा डाव आणि गुरुत्वाकर्षण किती ते विचारतात. पृथ्वीचं ९.८ आयतं दिलेलं असतं, १.६ टाकलं की चंद्रावर खेळा. मग आळीपाळीने दोनच आकडे टाइप करायचे, कोन आणि वेग. खाली बाण वाऱ्याची दिशा दाखवतो. बाण जितका लांब तितका वारा जोराचा. केळं इमारतीवर आदळलं तर तिला भगदाड पडतं, आणि पुढच्या फेकीला त्यातून वाटही मिळू शकते. केळं सूर्याला लागलं तर तो तोंडाचा ‘आ’ करतो. या सूर्याचा खेळाच्या निकालाशी काडीचाही संबंध नाही, तरी खेळ विसरलेल्यांनाही तो आठवतो. वेग दोनपेक्षा कमी टाकला तर केळं स्वतःवरच फुटतं आणि गुण समोरच्याला जातो.

आतलं गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं. वेगाचे दोन भाग करायचे, एक आडवा, एक उभा. गुरुत्वाकर्षण उभ्या भागाला सतत खाली खेचतं आणि केळ्याचा मार्ग अन्वस्ताकार होतो. हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं होतं. गंमत वाऱ्याची आहे. खऱ्या हवेत घर्षण असतं आणि वेग बदलला की तेही बदलतं. इथे ती कटकट टाळली आहे. वारा म्हणजे आडव्या दिशेचं, सतत सारखंच राहणारं त्वरण, एवढंच. म्हणजे वारा हे जणू आडवं गुरुत्वाकर्षण. त्यामुळे मार्ग अन्वस्तच राहतो, फक्त कलतो. सपाट जमिनीवर, वारा नसताना ४५ अंशांवर फेक सर्वांत लांब जाते. वारा समोरून असेल तर कोन त्याहून कमी हवा, पाठीमागून असेल तर जास्त. वेग दुप्पट केला तर अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतं. नवखा खेळाडू हमखास इथेच फसतो आणि केळं पडद्याबाहेर जातं.

हवेचं घर्षण वगळणं ही पळवाट किती मोठी आहे, ते संगणकाच्या इतिहासात दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला तोफांसाठी कोष्टकं हवी होती: अमुक अंतर, अमुक वारा, तर नळी किती अंशांवर ठेवायची. घर्षण धरून एका गोळ्याचा मार्ग हाताच्या गणनयंत्रावर काढायला वीसेक तास लागत. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि त्यांच्या हुद्द्याचं नाव ‘कॉम्प्युटर’ असंच होतं. हाच वेळ वाचवण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक उभा राहिला. १९४६ च्या फेब्रुवारीत तो जगापुढे आला, तेव्हा युद्ध संपलेलं होतं. तो हेच गणित अर्ध्या मिनिटात करी. त्याच्या पहिल्या प्रोग्रॅमर सहा स्त्रिया, सगळ्या त्या गणना करणाऱ्यांतूनच निवडलेल्या. तोफेच्या गणितासाठी बांधलेल्या यंत्राच्या वारसांवर पुढे माणसं तोफांचेच खेळ खेळत बसली, यात मला तरी योगायोग दिसत नाही. पडद्यावर काही काढायला सोपं आणि तरी दरवेळी वेगळं असं दुसरं गणित चटकन सापडत नाही.

या जातीचे खेळ गोरिलाआधीही होते आणि नंतर तर पीकच आलं. १९९१ सालीच वेंडेल हिकेनचा ‘स्कॉर्च्ड अर्थ’ आला, रणगाडे आणि शस्त्रांची भली मोठी यादी घेऊन. १९९५ मध्ये ‘वर्म्स’ आला. २००९ च्या ‘अँग्री बर्ड्स’मध्येही हाच अन्वस्त आहे, पण तिथे समोर माणूस नाही आणि आकडेही नाहीत.

गोरिलात संगणक तुमच्याविरुद्ध खेळतच नाही. दुसरा माणूस लागतोच. एकच कीबोर्ड, पाळीपाळीने. वारा त्या फेरीत दोघांना सारखाच, म्हणून समोरच्याची चुकलेली फेकही तुम्हाला वाऱ्याची बातमी देऊन जाते. माझ्या मते या खेळाचा जीव तिथे आहे. नेम पहिल्या फेकीत लागत नाही. केळं दहा पावलं पुढे पडलं, मग वेग किती कमी करू, या हिशोबात मजा आहे. तोफखान्यातही पहिला गोळा कुठे पडला ते बघूनच दुसरा सोडतात.

शिवाय प्रोग्रॅम सगळा उघडा. फाईल उघडली की वाऱ्याची ओळ दिसे, ती बदलली की वारा बदले. आजही ‘डॉसबॉक्स’ किंवा ‘क्यूबी६४’ घेऊन हा खेळ चालवता येतो. घरात दहावी-अकरावीचं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा, वेग ठरवून ठेवा आणि फक्त कोन बदलत खेळा. दोन-चार फेऱ्यांनंतर वाऱ्याची ओळ त्यालाच शोधू द्या.