दुःख कोणत्या मापाने मोजावे?

जुलै २०२१ मधील गोष्ट. कोविडमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर आधारलेला निकाल १६ जुलैला लागला. माझी भाची हिरमुसली होती. "मामा, मला पेपर लिहायची संधीच मिळाली नाही," एवढेच ती म्हणत होती. १८ तारखेच्या पहाटे मुसळधार पावसात चेंबूरच्या वाशी नाक्याजवळील भारतनगरमध्ये संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली आणि १९ माणसे दगावली. त्या दिवशी मी भाचीला म्हणालो, "त्यांच्याकडे बघ. तुझं ते काय दुःख?" ती गप्प झाली. मला वाटले, समजूत पटली.

ही तुलना न्याय्य होती का?

तुलना करायची तर दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता आल्या पाहिजेत. ताप मोजायला तापमापी आहे, वेदनामापी नाही. म्हणून डॉक्टर रुग्णालाच विचारतात, "शून्य ते दहापैकी किती दुखते?"

निदान जखम मोठी तर वेदना मोठी, असे तरी म्हणता येईल का? दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली. त्यांपैकी अनेकांना वेदनाशामक नको होते. उलट, शस्त्रक्रिया झालेले नागरी रुग्ण, जखम पुष्कळदा लहान असूनही, औषध अधिक प्रमाणात मागत. बीचर यांनी १९५६ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले: सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून सुटका, तर नागरिकाला ती आपत्ती. जखमेच्या आकारापेक्षा तिचा अर्थ महत्त्वाचा ठरला. हा निष्कर्ष शारीरिक वेदनेचा आहे. तो मनाच्या दुःखाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तेथेही घटनेचा अर्थ ज्याचा त्यालाच ठाऊक असतो.

मग तुलना करूच नये काय? तसे नाही. मदत मर्यादित असते तेव्हा ती करावीच लागते. रुग्णालयाच्या अपघात विभागात खरचटलेल्याला थांबवून रक्तस्राव होणाऱ्याला आधी आत घेतात. ते योग्यच आहे. पण थांबलेल्याला कोणी "तुला लागलेच नाही" असे म्हणत नाही. क्रम लावणे वेगळे आणि दुःख नाकारणे वेगळे. शिवाय भाचीचे ऐकायला लागणारी दहा मिनिटे भारतनगरच्या मदतीतून वजा होणार नव्हती. सर्वांत मोठे दुःख तेवढेच खरे धरले, तर जगात रडण्याचा अधिकार एकाच माणसाला उरेल!

स्वतःहून केलेल्या तुलनेने कधी कधी धीर येतो, हेही खरे. मात्र तीच तुलना दुसऱ्याने लादली की तोंड बंद होते. काही दिवसांनी भाची म्हणाली, "मामा, त्या लोकांचं मलाही वाईट वाटलं होतं. पण तुला काही सांगायचं मी बंद केलं."

वर्गात एखादा विद्यार्थी कमी गुणांमुळे खिन्न दिसला, तर शिक्षकांनी आधी "काय झाले?" एवढेच विचारावे आणि उत्तर पूर्ण होऊ द्यावे.