माळवदावरून लांबचं ऐकताना



थंडीच्या दिवसांत तांबडं फुटायच्या आधी एफएम रेडिओ लावला, की कधी कधी भलतंच केंद्र लागतं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडणं नवं नाही, सीमाच जवळ आहे. पण पार आतल्या गावातही एखाद्या पहाटे अनोळखी भाषेतलं बोलणं शेजारच्या घरातून आल्यासारखं स्वच्छ ऐकू येतं. उन्हं वर आली की ते विरतं. दुपारी कितीही शोधा, सापडत नाही. घरातले म्हणतात, रेडिओ बिघडला. रेडिओ ठीकच असतो, त्या पहाटे हवा बदललेली असते.

लांबचं केंद्र जवळ कसं येतं, ते ओळखायचं कसं, आणि या छंदाचा आपल्यासारख्या बायकांना उपयोग काय, हे आज आपण बघू.

आधी लहरींची ओळख करून घेऊ. ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्याला व्हीएचएफ म्हणतात. आपलं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच पट्ट्यात येतं. त्याच्या थोडं वर, ११८ ते १३७ मध्ये विमानाचे वैमानिक आणि विमानतळ एकमेकांशी बोलतात. १३७ च्या आसपास हवामानाचे उपग्रह ढगांची चित्रं खाली पाठवतात. १४४ ते १४६ हा भाग परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा. गाणी आणि बातम्या सगळ्यांसाठी असतात. विमानांचं बोलणं किंवा उपग्रहाचे संदेश कामापुरते असतात. म्हणून त्यांना आपण कामकाजी लहरी म्हणू. जगभर अनेक हौशी लोक अशा लहरी किती लांबून येतात याची नोंद ठेवतात.

व्हीएचएफ लहर सरळ जाते. मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने वळत जातात आणि रात्री आकाशातून परत येतात, म्हणून जुन्या रेडिओवर रात्री दूरची केंद्रं लागायची. व्हीएचएफचं वागणं कंदिलासारखं आहे. कंदील खाली ठेवला तर उजेड अंगणापुरता, उंच टांगला तर पार गल्लीच्या टोकापर्यंत. पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ जाणारी लहर काही अंतरानंतर जमिनीपासून सुटून वर निघून जाते.

याचा हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला साधारण ४ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरपर्यंत लहर सरळ पोचते. तुमची गच्ची १० मीटर उंच असेल तर सुमारे १३ किलोमीटर. ३० मीटरचा मनोरा असेल तर सुमारे २२. बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं अंतर एकत्र मिळवायचं. विमान १०,००० मीटरवरून जात असेल, तर त्याच्या बाजूनेच ४०० किलोमीटर होतात! म्हणून १५ किलोमीटरवरचा जमिनीवरचा सेट ऐकू येत नाही, पण तीन जिल्ह्यांपलीकडच्या विमानाची लहर आपल्या छतापर्यंत येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. ते आपल्या आकाशात असलं की त्याची १४५.८०० मेगाहर्ट्झवरची लहर २,००० किलोमीटरहून लांबूनही मिळू शकते. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा हौशी रेडिओवरूनच त्यांचा बंगळूर आणि शिलाँगशी संवाद झाला.

उंचीचा हा नियम आपल्या दोन जिल्ह्यांतही दिसतो. नांदेड शहर गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर आहे. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. सेट तोच असला तरी पठाराच्या कडेवर राहणारीला लांबचं जास्त मिळतं. खोलगट गावातल्या बाईने टेकाडावरच्या मैत्रिणीकडे रेडिओ घेऊन जावं, फरक लगेच कळेल.

आता त्या पहाटेच्या केंद्राकडे येऊ. थंडीत संध्याकाळी चुलीचा धूर आठवा. तो सरळ वर जात नाही. घरांच्या वर थोडा चढतो आणि चादरीसारखा गावभर पसरून राहतो. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते, आणि वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. नेहमी वर जाल तसं गार होतं, इथे उलटं होतं. धूर त्या थराखाली अडकतो. रेडिओची लहरही त्याच थराला लागून खाली वाकते आणि पाटातल्या पाण्यासारखी लांबवर जाते. मग शंभर-दोनशे किलोमीटरवरचं केंद्र, कधी त्याहूनही लांबचं, आपल्याकडे येतं. ऊन पडलं, जमीन तापली, की थर मोडतो आणि केंद्र जातं. धूर पसरलेला दिसला तर दुसऱ्या पहाटे रेडिओ लावून बघा.

दुसरं कारण बरंच उंच आहे. जमिनीपासून १०० किलोमीटरच्या आसपास कधी कधी विद्युतभारित थराचे दाट तुकडे तयार होतात. मे ते ऑगस्टमध्ये त्यांची शक्यता जास्त. अशा तुकड्यावरून परतलेली लहर हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरते. ते केंद्र अचानक येतं, जोरात येतं आणि काही मिनिटांत जातंही.

तिसरं कारण उल्का. तारा तुटताना दिसतो तेव्हा त्याच्या मागे क्षणभर विद्युतभारित रेघ राहते. तिच्यावरून परतलेल्या लहरीने दूरच्या केंद्राचा एखादाच शब्द ऐकू येतो. १२ ऑगस्ट आणि १४ डिसेंबरच्या सुमारास उल्का जास्त पडतात. तेव्हा रिकाम्या जागेवर रेडिओ ठेवून कान द्या.

हे सगळं साध्या एफएम रेडिओवर करता येतं. त्याची दांडी पूर्ण उघडा आणि पत्र्यापासून लांब बसा. बाहेर तार लावायची असेल तर लांबीचं गणित असं: ७५ ला मेगाहर्ट्झने भागा, तेवढे मीटर. ९०.४ साठी ते साधारण ८३ सेंटिमीटर येतं. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर यांची खरखर रेडिओत शिरते. म्हणून लाइट गेली की वैतागू नका. आजूबाजूची सगळी यंत्रं गप्प झालेली असतात, लांबचं ऐकायला याहून चांगली वेळ नाही. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं, की बाहेरची तार काढायची आणि माळवदावरून, गच्चीवरून खाली यायचं. आपल्याकडे वळवाच्या विजा माणसं आणि जनावरं दोन्ही नेतात.

ऐकलेलं वहीत लिहा. तारीख, वेळ, आकडा, भाषा, काय ऐकलं, हवा कशी होती, किती वेळ टिकलं. केंद्राचं नाव अंदाजाने लिहू नका. निवेदक नाव सांगेपर्यंत थांबा, तास भरताना बहुतेक सांगतात. नाव कळलं नाही तर 'नाव कळलं नाही' असंच लिहा. या छंदात खरी नोंद हीच कमाई. अशी नोंद केंद्राला पाठवली तर काही केंद्रं पोचपावतीचं कार्ड पाठवतात.

थोडं कायद्याचं. पूर्वी घरच्या रेडिओलाही लायसन्स लागायचं, आता एफएम ऐकायला लागत नाही. पण पोलीस, विमानतळ, रेल्वे यांचं बोलणं आपल्यासाठी नसतं. ते ऐकायला खास सेट आणणं, ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं किंवा मोबाइलवर पसरवणं अंगाशी येईल. विमानाचं उदाहरण आम्ही उंची समजावी म्हणून दिलं.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं सासूबाई विचारतील. त्यांना किल्लारी आठवते का विचारा. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. अशा वेळी कुठे काय हवं हे सांगायलाच साधन उरत नाही. तेव्हा हौशी रेडिओवाले आपले सेट घेऊन मदतीला आले. २००१ च्या भुजच्या भूकंपातही ते होते.

एका बाईचं नाव इथे घ्यायलाच हवं. दिल्लीच्या भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये अंदमानात हौशी रेडिओ चालवायला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली. पोर्ट ब्लेअरमधून त्यांनी निरोप पाठवायचं काम हाती घेतलं आणि बेटांवरच्या माणसांची खबर घरच्यांपर्यंत पोचू लागली. हौस म्हणून शिकलेलं त्या दिवशी कामाला आलं.

आपल्याकडची जमीन अजून पुरती शांत नाही. २०२४ मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोलीकडे ४.५ क्षमतेचे धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. मोबाइलचा टॉवर विजेवर आणि बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की तो मुका होतो. त्या वेळी आपल्या घरातल्या सेलच्या रेडिओवर कोणतं केंद्र येतं, कोणत्या कोपऱ्यातून नीट येतं, रात्री कोणतं आणि पहाटे कोणतं, हे आधीच माहीत असलेली एक बाई गल्लीत असली पाहिजे. तिची वही त्या दिवशी गल्लीच्या कामाची.

बायका रेडिओ नुसता ऐकत नाहीत, चालवतातही. सीमेपलीकडे झहीराबादजवळ माचनूर गावी दलित शेतकरी बायकांचं संघम रेडिओ २००८ पासून चालू आहे. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग आहे. दोन्ही ९०.४ मेगाहर्ट्झवर. एकच आकडा दोघींना चालतो, कारण सामुदायिक रेडिओची ताकद कमी आणि मनोरा ३० मीटरपर्यंत, आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच जायचा. पण धुराची चादर पसरलेल्या पहाटे असा छोटा आवाजही कुठवर जाईल, याचा नेम नाही. तुमच्या गावात ९०.४ वर दुसरं काही नसेल, तर तिथे जरूर कान द्या.

ऐकून पोट भरलं नाही आणि बोलावंसं वाटलं, तर हॅमचा परवाना मिळतो. दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा त्याची परीक्षा घेते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली मुलगीही बसू शकते. विषय दोनच: साधं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारा, दोघी-तिघी मिळून अभ्यास करा.

सध्या एक वही आणि एक पेन्सिल रेडिओजवळ ठेवा. आठवडाभर रोज पहाटे पंधरा मिनिटं ऐका. काय सापडलं ते आम्हाला लिहून पाठवा. काहीच सापडलं नाही, तर तेही लिहा.