उशीचा अभ्रा आणि मशीनचं तेल

खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडी. चाकण एमआयडीसीभोवतीच्या कॉट बेसिसच्या खोल्यांत एक गादी बऱ्याचदा दोघांची असते. फर्स्ट शिफ्टचा मुलगा उठून गेला की नाइटवाला तिथेच आडवा होतो. चादर तीच, उशीही तीच. अशात गालावर फोड आले की रूममधले जाणकार निदान करून टाकतात: उशी घाण आहे. मोबाइलवरचा सल्लाही तोच, अभ्रा बदला, मुरमं जातील.

मुरमांपुरतं बोलायचं तर यात तथ्य थोडंच. मुरूम आतून तयार होतो. हार्मोन्सच्या प्रभावाखाली तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाशी मृत पेशींचं बूच बसतं आणि त्या कोंडलेल्या जागेत क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नीस हा जिवाणू फोफावतो. तो उशीवरून चढत नाही, आपल्या त्वचेवर मुळातच राहतो. उशीचा हात असतो तो वेगळ्या कारणाने. डोक्याला चोपडलेल्या तेलामुळे कपाळावर येणाऱ्या मुरमांचं वर्णन प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० मध्येच केलं होतं. तेल लावून झोपणाऱ्याच्या अभ्र्यात तेच तेल मुरतं आणि रात्रभर गालाला लागत राहतं.

पण भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमधल्या माणसाचे फोड मुरमंच असतील असं नाही. लेथवर, सीएनसीवर कटिंग ऑइल उडतं, पँट तेलाने भिजते, केसांची छिद्रं बुजतात, मग काळे ठिपके आणि फोड येतात. वैद्यकात याला ऑइल ॲक्ने म्हणतात. ओळखायची खूण म्हणजे जागा: चेहऱ्यापेक्षा मनगटाच्या वरचा हात आणि मांड्या, जिथे तेलकट कापड घासतं. पाण्यात कालवायच्या कूलंटने मात्र फोडांपेक्षा खाज आणि भेगा अधिक येतात. शिफ्ट संपवून त्याच कपड्यांत गादीवर अंग टाकलं, तर तेलाची ड्यूटी चालूच राहते आणि पुढच्या झोपणाऱ्यालाही तिचा वाटा मिळतो.

पावसाळ्यात, चादरी वाळत नाहीत तेव्हा, आणखी एक घोटाळा होतो. छातीवर, पाठीवर, कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात. त्या घाम आणि दमटपणात वाढणाऱ्या मॅलॅसेझिया या यीस्टच्या असू शकतात. मुरूम समजून अँटिबायोटिक घेतलं तर त्या वाढतात.

चेहऱ्याचा आणखी एक आजार म्हणजे लाली आणि जळजळ आणणारा रोझेशिया. तो गोऱ्यांचा आजार, ही समजूत चुकीची. सावळ्या चेहऱ्यावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून निदान निसटतं. जळजळ आणि तापलेपणा मात्र जाणवतो. फाउंड्रीची धग, ऊन, तिखट रस्सा यांनी तो भडकतो. या रुग्णांच्या त्वचेत डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे जास्त सापडतात, पण त्यांचं घर केसाच्या मुळाशी आहे, चादरीत नाही. चादरीपेक्षा मेडिकलमधून परस्पर आणलेली, स्टेरॉइड असलेली गोरेपणाची क्रीम कितीतरी घातक. तिने रोझेशियासारखाच चेहरा होतो.

मग चादर धुवायची कशाला? गजकर्ण आणि खरजेसाठी. हे दोन्ही अंथरुणातून, टॉवेलमधून खरोखर पसरतात. गजकर्णाच्या बुरशीसाठी ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी लागतं. खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं आणि चाकणच्या खोल्यांत टँकरची वाट पाहावी लागते. तिथे रोज अभ्रा धुण्याचा सल्ला देणं हा चेष्टेचाच प्रकार. जमण्यासारखं एवढंच: गादी सामायिक असली तरी चादर, अभ्रा आणि टॉवेल स्वतःचा ठेवा, ते आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि कंपनीचे तेलकट कपडे त्यांच्याबरोबर एका बादलीत भिजवू नका.

फोड महिनाभर हटले नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना मशीनवरच्या तेलाच्या डब्याच्या लेबलचा फोटो काढून न्या आणि मेडिकलमधून आणलेल्या क्रीमची ट्यूबही सोबत ठेवा.