अल्पमात्रा किरणोपचार : कूर्चापेशी आणि सांध्यांचा दाह

'किरणे दिली' असे ऐकले की आपल्यासमोर सर्वसाधारणपणे कर्करोगच उभा राहतो. जर्मनीत मात्र गुडघा, खांदा किंवा टाच दुखते म्हणून कमी मात्रेत क्ष-किरण देण्याची पद्धत अनेक दशकांपासून रूढ आहे. या उपचाराने झिजलेली कूर्चा भरून येते, असा समज कोणी करून घेण्याची शक्यता असते. तो कितपत बरोबर आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम 'अल्प' या शब्दाविषयी. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे होय. कर्करोगाच्या गाठीला बहुधा रोज २ ग्रे याप्रमाणे एकूण ५० ते ७० ग्रे देतात. सांध्याला एका वेळी ०.५ ते १ ग्रे आणि एकूण ३ ते ६ ग्रे दिले जातात. ही मात्रा अल्प खरी. परंतु छातीच्या एका साध्या एक्स-रेच्या मानाने ती हजारो पटींनी मोठी आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यातील पेशी विरळ असतात, त्यांचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि प्रौढ वयात त्या क्वचितच विभागतात. किरणांचा मोठा आघात विभागणाऱ्या पेशींवर होत असल्याने कूर्चापेशी सहसा लगेच मरत नाहीत. पण जिवंत राहणे वेगळे आणि काम करणे वेगळे. कूर्चेला पाणी धरून ठेवण्याची शक्ती व लवचिकपणा प्रोटिओग्लायकन या द्रव्यामुळे येतो. प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यांना २ ग्रे दिल्यावर हे द्रव्य घटलेले आढळले. म्हणजे झीज भरून येण्याची अपेक्षा येथे ठेवता येत नाही.

मग आराम कशाने पडत असावा? उत्तर दाहाच्या प्रक्रियेत आहे. दाह होताना रक्तातील पांढऱ्या पेशी आधी रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला चिकटतात व नंतर ऊतीत शिरतात. ०.३ ते ०.७ ग्रे मात्रेत हे चिकटणे कमी होते. भक्षकपेशी नायट्रिक ऑक्साइड कमी प्रमाणात तयार करतात आणि दाह शमविणारी काही द्रव्ये वाढतात. विशेष म्हणजे मात्रा वाढविली की परिणाम वाढत नाही. तो ०.५ ग्रेच्या आसपास सर्वाधिक दिसतो, पुढे ओसरतो आणि मोठ्या मात्रेत तर किरणे स्वतःच दाह निर्माण करतात. 'औषध दुप्पट, गुण दुप्पट' हा हिशेब येथे चालत नाही.

हे सर्व पेशींच्या पातळीवर झाले, रुग्णांचे काय? नेदरलँड्समध्ये गुडघ्याची झीज असलेल्या ५५ रुग्णांपैकी निम्म्यांना १ ग्रेचे सहा डोस दिले, उरलेल्यांना यंत्राखाली झोपवून नुसता देखावा केला. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन महिन्यांनी गुण आलेले रुग्ण अनुक्रमे ४४ व ४३ टक्के होते. याउलट दक्षिण कोरियातील ११४ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले, एकूण ३ ग्रे मिळालेल्यांपैकी चार महिन्यांनी ७० टक्क्यांना, तर देखाव्याच्या गटात सुमारे ४२ टक्क्यांना गुण आला. दोन्ही चाचण्यांत नुसत्या देखाव्याने दहापैकी चार जणांना बरे वाटले, हा आकडा प्रस्तुत लेखकास सर्वांत बोलका वाटतो. तुलनेचा गट नसलेल्या अहवालांवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे वर्गात समजावण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

धोक्याचा इतिहासही आहे. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात मणका ताठर करणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या विकारासाठी हजारो रुग्णांना किरणे देण्यात आली. त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे कोर्ट ब्राउन व रिचर्ड डॉल यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. ती मात्रा बरीच मोठी होती व कण्यातील अस्थिमज्जा तिच्या माऱ्यात येत होती. वृद्धाच्या गुडघ्यात रक्त तयार करणारी मज्जा फारच थोडी असते, त्यामुळे तेथील धोका बराच कमी मानतात. तरुणांच्या बाबतीत मात्र पुढील आयुष्य मोठे असल्याने हा उपचार शक्यतो टाळतात. मुलांच्या हाडांच्या टोकांजवळील कूर्चापेशी तर अजून विभागत असतात; तेथे मोठ्या मात्रेत किरणे पडल्यास हाडाची वाढच खुंटते.